आधी देश, मग इमारत

१९६६ साली पेंटॅगॉनमध्ये रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याच्या दालनालगत तीन टर्मिनलं मांडलेली होती. एक एमआयटीच्या संगणकाला जोडलेलं, दुसरं बर्कलीच्या आणि तिसरं सँटा मोनिकाच्या. तिन्हींचे आदेश वेगळे, आत शिरण्याच्या तऱ्हा वेगळ्या. बर्कलीतल्या कुणाशी संवाद चालू असताना तीच गोष्ट एमआयटीतल्या माणसाला सांगायची झाली, तर टेलरला खुर्ची सोडून दुसऱ्या टर्मिनलपुढे जाऊन बसावं लागे आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागे. या उठबशीला तो कंटाळला आणि ‘अर्पा’ या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचे संचालक चार्ल्स हर्झफेल्ड यांच्या खोलीत गेला. वीसेक मिनिटांत दहा लाख डॉलरची मंजुरी घेऊन बाहेर पडलो, असं तो पुढे सांगत असे. शीतयुद्धाच्या काळात संरक्षण खात्याकडे पैसा किती सैल सुटत होता, याचा हाही एक पुरावा.

संगणकांच्या जाळ्यांवरचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, त्यात एक चढती भाजणी ठरलेली असते. अंगाभोवतीच्या दहाएक मीटरचं ते पॅन, इमारतीपुरतं ते लॅन, शहरभर पसरलं तर मॅन आणि देश किंवा जग व्यापलं तर वॅन. परीक्षेत विद्यार्थी याच क्रमाने लिहितात आणि त्यांना पूर्ण गुणही मिळतात. जन्माचा क्रम मात्र जवळजवळ उलटा आहे. देशभराचं जाळं १९६९ साली आलं, इमारतीतलं १९७३ साली, शहराचं ऐंशीच्या दशकात आणि अंगावरचं नव्वदच्या दशकात. असं का झालं, ते पाहताना या सगळ्या व्याख्यांमधल्या किलोमीटरांवरचा माझा तरी विश्वास उडाला.

टेलरच्या काळात विद्यापीठाकडे एखादाच मोठा संगणक असे. त्याला वातानुकूलित खोली, त्याच्या दिमतीला माणसं, त्याच्या वेळेसाठी रांगा. एकाच इमारतीत दोन संगणक असणं हीच मोठी चैन होती, मग तिथे जोडायचं काय आणि कशाला? जवळच्या लोकांना टर्मिनलची तार पुरत होती. गरज होती ती दूरच्या महागड्या यंत्राचा वाटा मिळवण्याची, म्हणजे एकदम शेकडो किलोमीटरची.

टेलरने हे काम लॅरी रॉबर्ट्स यांच्यावर सोपवलं. संदेशाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट्स करायची, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि मिळेल त्या वाटेने पाठवायची, ही कल्पना तोवर दोघांना स्वतंत्रपणे सुचलेली होती : अमेरिकेत पॉल बॅरन यांना आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना. डेव्हिस यांची कथा इथे मुद्दाम सांगायला हवी. त्यांनी १९६५ साली आखलं होतं अख्ख्या ब्रिटनचं जाळं. त्यासाठी ना पैसा मिळाला, ना टपाल खात्याचा पाठिंबा. शेवटी टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या आवारापुरतं जाळं त्यांनी १९७०च्या सुमारास चालवून दाखवलं. काही जण त्यालाच पहिलं लॅन म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण ते देश हुकल्यामुळे आवारात मावलेलं जाळं होतं.

अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकात शिरायचा प्रयत्न केला. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करताना ‘एल’ पोचलं, ‘ओ’ पोचलं आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने दुसऱ्या प्रयत्नात जमलं. दोन्ही टोकांना सुमारे ४०० किलो वजनाचं एकेक यंत्र बसवलेलं होतं, ते पॅकेटांची ने-आण करी. मधली तार मात्र विद्यापीठाची नव्हती आणि अर्पाचीही नव्हती. ती टेलिफोन कंपनी एटी अँड टीकडून भाड्याने घेतलेली, सेकंदाला ५० किलोबिट वेगाची होती. त्या वर्षअखेर सँटा बार्बरा आणि युटाही जोडले गेले. चार ठिकाणं, आणि सगळ्या तारा भाड्याच्या.

आता हवाई. होनोलुलूच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन प्राध्यापक होते. लाटांवर स्वार होण्याच्या हौसेपायी ते तिथे आले, हे त्यांनी कधी लपवलं नाही. विद्यापीठाचा संगणक ओआहू बेटावर, शाखा इतर बेटांवर, आणि तिथल्या टेलिफोन तारांचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता. अब्रॅमसन यांनी तारांचा नादच सोडला आणि रेडिओ वापरायचं ठरवलं. सगळ्यांना मिळून एकच लहर. ज्याला पाठवायचंय त्याने विचारपूस न करता पाठवून द्यायचं. दोघांची पॅकेट्स एकमेकांवर आदळली, तर पोच येणार नाही. पोच आली नाही, की थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, फक्त हे ‘थोडं’ प्रत्येकाने यदृच्छेने ठरवायचं, म्हणजे पुन्हा तेच दोघे एकाच क्षणी आदळणार नाहीत. जून १९७१मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झालं. लहरीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते हे गणिताने सिद्ध झालं होतं, म्हणजे व्यवहारी अभियंत्याने ही कल्पना पहिल्याच बैठकीत फेटाळली असती. पण तिच्यात मुकादम नव्हता, पाळी ठरवून देणारं कुणी नव्हतं, आणि पुढे सारं जग याच गुणावर भाळलं.

अलोहानेट अर्पाच्या जाळ्याला कसं जोडलं गेलं, याचा किस्सा अब्रॅमसन यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वॉशिंग्टनला ते रॉबर्ट्स यांच्या कार्यालयात बसले होते. फळ्यावर, कुठे कुठे आणि कोणत्या तारखेला नवी यंत्रं बसवायची याची यादी होती. रॉबर्ट्स यांना कुणीतरी बाहेर बोलावलं. अब्रॅमसन उठले, यादीत ‘अलोहा’ लिहिलं, पुढे १७ डिसेंबर १९७२ ही तारीख टाकली आणि परत जागेवर बसले. पुढे ही गोष्ट ते विसरूनही गेले. त्या तारखेच्या दोनेक आठवडे आधी फोन आला, की यंत्र पाठवतोय, जागा तयार ठेवा.

अब्रॅमसन यांचा एक शोधनिबंध रॉबर्ट मेटकाफ या तरुणाच्या हाती पडला, तोही असाच. वॉशिंग्टनमध्ये एका सहकाऱ्याच्या घरी मुक्काम होता, झोप येत नव्हती, आणि वाचायला एका परिषदेचा जाडजूड ग्रंथ सापडला. मेटकाफ यांचा पीएच.डी.चा प्रबंध हार्वर्डने नुकताच नाकारलेला होता. अलोहानेटचं गणित सुधारून त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि पदवी मिळवली. पण त्यांची खरी कमाई झाली पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात. तिथे ‘आल्टो’ नावाचे संगणक तयार होत होते, आणि तेही प्रत्येकाच्या टेबलावर एकेक. शिवाय सेकंदाला पानभर छापणारा लेझर प्रिंटर आकार घेत होता. एका इमारतीत संगणकांची गर्दी होणार हे दिसू लागलं होतं, आणि म्हणूनच इमारतीतल्या जाळ्याची गरज तिथे पहिल्यांदा कळकळीने भासली.

२२ मे १९७३ रोजी मेटकाफ यांनी टिपण लिहिलं. हवेऐवजी एक जाड तार इमारतभर फिरवायची, सगळ्यांनी तिला जोडून घ्यायचं, आणि नियम अलोहाचेच, फक्त थोड्या शहाणपणाने. सहकारी डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने त्याच वर्षी हे जाळं, म्हणजे ‘इथरनेट’, चालू झालं. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट, म्हणजे अर्पाच्या भाड्याच्या तारेच्या जवळपास साठपट. चार वर्षांत विज्ञानाने अशी काही झेप घेतली नव्हती. तार स्वतःची होती, एवढंच. ना मासिक भाडं, ना टेलिफोन कंपनीने ठरवलेला वेग.

इथे अंतराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो, कारण इथरनेटला लांबीची मर्यादा होती आणि ती भौतिकशास्त्राने घातलेली होती. कट्ट्यावर गप्पा रंगल्या असताना आपण दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो. दोघे एकदम बोलू लागले, तर दोघेही गप्प होतात आणि मग एक जण सुरुवात करतो. इथरनेट तसंच चालतं. पण आपल्याबरोबर दुसरंही कुणी बोलतंय, हे आपलं बोलणं संपायच्या आत कानावर आलं तरच हा शिष्टाचार टिकतो. तारेतून संकेत जायला वेळ लागतो. पुढे प्रमाण ठरलेल्या १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये सर्वांत छोटं पॅकेट ६४ बाइटचं, ते पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात दूरच्या टोकाची धडक कळून आली पाहिजे, म्हणून दोन टोकांत फार तर अडीच किलोमीटर. लॅनला ‘स्थानिक’ असण्याचं हे एकमेव प्रामाणिक कारण म्हणता येईल. बाकीच्या व्याख्यांमागे असं काही गणित नाही.

सप्टेंबर १९८०मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचा आराखडा जाहीर केला. १९८३ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. आयबीएमने आपलं ‘टोकन रिंग’ पुढे आणलं, बरीच वर्षं झुंज चालली आणि ते हरलं. त्या लढाईत फारसं काही शिकण्यासारखं नाही.

शिकण्यासारखं आहे ते टेलिफोन कंपनीच्या वागण्यात. ऑक्टोबर १९७२मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात अर्पाच्या जाळ्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. एटी अँड टीचे अधिकारी पाहायला आले तेव्हा त्यांना ते दाखवायचं काम मेटकाफ यांच्याकडे होतं. नेमकी तेव्हाच यंत्रणा बंद पडली आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, हे मेटकाफ आयुष्यभर विसरले नाहीत. ते हसू मक्तेदाराचं होतं. इमारतीच्या आत तुम्ही काय वाटेल ते करा, सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल तर आमच्याकडे या, असा तो काळ. भारतात तर हे कायद्यातच होतं. १८८५च्या भारतीय तार कायद्याच्या चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार केंद्र सरकारला दिला. व्यवहारात याचा अर्थ साधा : कंपाउंडच्या आत तुमचं, बाहेर सरकारचं. लॅन आणि वॅन यांच्यातली सीमा कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी अडीच किलोमीटरवर बोट न ठेवता त्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवीन.

मॅनचं काय झालं, तेही यातूनच उलगडतं. ऐंशीच्या दशकात अभियंत्यांना वाटलं, की इमारत झाली, देश झाला, मधलं शहर रिकामं राहिलंय. प्रकाशतंतूंचं दुहेरी कडं असलेलं एफडीडीआय आलं, १०० मेगाबिटचं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठात जन्मलेल्या एका पद्धतीला १९९०मध्ये शहरी जाळ्याचं प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. कागदावर ती देखणी होती. पण शहरात तार टाकायची तर रस्ता खणायला हवा, आणि खणायची परवानगी होती त्या टेलिफोन कंपन्यांना स्वस्त, वेगवान जाळं विकण्याची घाई नव्हती. ते प्रमाण पुढे मागे घेतलं गेलं. दरम्यान इथरनेटमधली धडकेची भानगडच संपली, कारण स्विच आले आणि प्रत्येकाला स्वतंत्र तार मिळाली. धडकेपायी आलेली अंतराची अट गळून पडली. २००२च्या १० गिगाबिटच्या प्रमाणात तर प्रकाशतंतूवर ४० किलोमीटरपर्यंत जाण्याची सोय होती. इमारतीसाठी जन्मलेल्या जाळ्याने शहर गिळलं. मॅन हा प्रकार पुस्तकात उरला आहे, तंत्र म्हणून त्याला वेगळं अस्तित्व नाही.

भारतात हा सगळा इतिहास वीस वर्षांनी, पण दाटीवाटीने घडला, आणि त्याचा बराच भाग मुंबईत. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचं जाळं हाती घेतलं. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईच्या जुहूतलं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, त्यात होते. केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी. पहिली ई-मेल देवाणघेवाण झाली ती जुहू आणि पवई यांच्यात, साध्या टेलिफोनवर मोडेम लावून. नकाशावर हे अंतर दहा-बारा किलोमीटर, म्हणजे व्याख्येप्रमाणे मॅन. पण तार टेलिफोन खात्याची, वेग खात्याच्या तारेला झेपेल तेवढा, आणि फोन लागला तर लागला. वागणूक पूर्ण वॅनची.

१९८९च्या सुमारास एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत भाड्याची लाइन मिळाली. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. वीस वर्षांपूर्वी क्लाइनच्या हाताशी जी तार होती, तिच्या एक पंचमांशही नाही, आणि तिच्यावर देशभरातल्या संशोधकांची परदेशी टपाल-वाहतूक. त्याच काळात अर्नेटमधल्या संस्थांच्या आवारात १० मेगाबिटचं इथरनेट टाकलं जात होतं. भिंतीच्या आत आणि बाहेर हजारपटीचा फरक. १९८९च्याच मे महिन्यात ‘डॉट इन’ हे भारताचं नाव जागतिक नोंदीत गेलं आणि त्याची व्यवस्था जुहूतूनच चालू लागली. रमणी यांना २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं. मुंबईकरांपैकी कितींना त्यांचं नाव ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. तेही दिलं विदेश संचार निगमने, म्हणजे पुन्हा रस्त्यापलीकडच्या मालकानेच.

त्याच सुमारास जाळ्याच्या आकारावरून एक खराखुरा सामना मुंबईत रंगला, तो शेअर बाजारात. नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे व्यवहार सुरू केले, पडद्यावर आणि उपग्रहामार्फत. दलालाच्या गच्चीवर छोटी तबकडी, ती उपग्रहाशी बोलणार, उपग्रह मुंबईतल्या केंद्राशी. जमिनीवरच्या तारांवर विसंबायचंच नाही, हा निर्णय अब्रॅमसन यांच्या जातकुळीचा होता. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला जवळपास पाव सेकंद लागतो, मग तो नागपूरहून निघो, कोल्हापूरहून निघो की केंद्रापासून चार गल्ल्यांवरून. ज्याच्या गच्चीवर तबकडी, तो दलाल बाजारापासून इतर कुणाही इतकाच दूर. भौगोलिक आकाराची व्याख्या इथे अक्षरशः आकाशात विरून जाते.

दलाल स्ट्रीटवरच्या मुंबई शेअर बाजारात तोवर आरडाओरड करून, हातवारे करून सौदे होत. १४ मार्च १९९५ रोजी त्यांनी ‘बोल्ट’ ही संगणकीय यंत्रणा आणली. यंत्रणा चांगलीच होती, पण पहिली दोनेक वर्षं ती मुंबईपुरती राहिली. एकाचं जाळं शहराचं, दुसऱ्याचं देशाचं. १८७५पासून चालत आलेल्या बाजाराला नव्या बाजाराने वर्षभरात उलाढालीत मागे टाकलं. कारणं आणखीही होती : रोखे घोटाळ्यानंतर उडालेला विश्वास, जुन्या सभासदांची बंदिस्त वृत्ती. पण सांगली-अकोल्याच्या गुंतवणूकदाराला मुंबईच्या भावात, मुंबईच्या क्षणी सौदा करता येणं, ही गोष्ट बोल्टकडे नव्हती. १९९७मध्ये बोल्ट देशभर पसरलं, तोवर गाडी सुटलेली होती.

उरलं अंगावरचं जाळं. १९९६च्या सुमारास एमआयटीत शिकलेले थॉमस झिमरमन यांनी माणसाच्या शरीरातूनच अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह धाडून हस्तांदोलनात व्हिजिटिंग कार्ड पोचवण्याचा प्रयोग करून दाखवला. कल्पना बहारदार, पण चालली नाही. चाललं ते स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४पासून विकसित झालेलं ब्लूटूथ, आणि ते चालण्याचं एक मोठं कारण म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची पट्टी. अमेरिकेने ती १९८५मध्ये विनापरवाना वापरासाठी खुली केली, भारताने २००५मध्ये. या लहरींना कुणी मालक नाही, म्हणून कानातल्या यंत्राला कुणाचं भाडं द्यावं लागत नाही.

मुंबई-ठाण्याच्या चाळींत आणि सोसायट्यांत शहरी जाळं शेवटी ज्याने विणलं, त्याचं नाव कुठल्याही प्रमाणपुस्तकात नाही. तो म्हणजे केबलवाला. २०००नंतर त्याने टीव्हीच्या केबलशेजारून इथरनेटची निळी-करडी तार एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर नेली. साध्या तांब्याच्या तारेला १०० मीटरची मर्यादा, म्हणून दर दोन-तीन इमारतींमागे जिन्यात एक स्विच, त्याला कुणाच्या तरी मीटरवरून वीज. पावसाळ्यात अर्धी गल्ली बंद पडे. जाडजूड प्रमाणांना जे जमलं नाही ते त्याने जमवलं, कारण रस्ता खणायच्या भानगडीत तो पडलाच नाही, वरून गेला.

१८८५च्या तार कायद्याची जागा घ्यायला संसदेने डिसेंबर २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. त्यात रस्ता आणि जमीन वापरण्याच्या हक्काची रीतसर तरतूद आहे, पण दूरसंचाराचं जाळं उभारायचं असेल तर केंद्र सरकारची अधिकृत परवानगी अजूनही लागते.